सूर्याने लावलेली तीट

आमच्या घरी एक जुना मोबाइल फोन आहे. त्याने काढलेल्या कोणत्याही छायाचित्रात उजवीकडे, वरच्या अंगाला, एक जांभळट काळा ठिपका दिसतो. भाच्याच्या मुंजीत तो बटूच्या गोटा केलेल्या डोक्यावर बसला आहे. गणेशचतुर्थीच्या छायाचित्रात तो मखराला चिकटला आहे आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तर थेट प्राचार्यांच्या गालावर जाऊन विसावला आहे. पाहुणे विचारतात, "काचेवर काही पडलंय का हो?" मी उत्तर शोधत असतो, तेवढ्यात माझी कन्या सांगून मोकळी होते, "नाही, बाबांच्या फोनला तीट लावलीय."

"कोणी?"

"सूर्याने."

पाहुणे हसतात, मीही हसतो. पण ती तीट ज्या सकाळी लागली, त्या सकाळची आठवण झाली की अजून माझ्या तळहाताला घाम सुटतो. ती हकीकत आज सांगायची आहे. सांगताना माझी फजिती झाकायचा मोह होणार. पण मराठीचा प्राध्यापक झालो तरी पदार्थविज्ञानात 'ढ' असण्याचा मला अधिकार आहे, एवढे वाचकांनी मान्य करावे.

दिनांक २६ डिसेंबर २०१९, गुरुवार. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या सकाळी दक्षिण भारताच्या एका पट्ट्यातून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसणार होते. आमच्या ठाण्याला ते खंडग्रास. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. जन्मभर त्यांनी राजापूर तालुक्यात हायस्कुलात भूगोल शिकवला. दसऱ्याच्या दिवशी आपट्याचे पान माझ्या हातावर ठेवता ठेवता ते म्हणाले, "यंदा केरळात जायचं. कंकण बघायचं. माझं एक ग्रहण तुझ्यापायी राहिलेलं आहे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून हिंदुस्थानात शिरली होती. आप्पांनी दोन महिने आधीपासून कारवारला जायचा बेत केला होता. पगारातून पैसे साठवून दहापट मोठे दाखवणारी एक दुर्बीणही घेतली होती. पण तेव्हा माझ्या आईला सहावा महिना लागलेला. आजीने बजावले, "पोटुशी बाई ग्रहणात एकटी ठेवायची नाही." गरोदर बाईने अंधाऱ्या खोलीत बसून राहायचे, काही चिरायचे नाही, शिवायचे नाही, हे सगळे आजीच्या कडक देखरेखीखाली पार पडले. आप्पा घरीच राहिले. मेमध्ये मी जन्मलो. दुर्बीण कपाटात गेली आणि वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिली.

आई २०१६ साली गेली. त्यानंतर आप्पांनी काही मागितले असे हे पहिलेच. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

दोघे, मी, सौभाग्यवती आणि अकरा वर्षांची कन्या असा आमचा काफिला ठाण्याला केरळच्या गाडीत चढला. सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. आप्पांनी आपल्या पंचात गुंडाळलेली दुर्बीण मांडीवर घेतली होती. माझ्याकडे ग्रहणाचे पाच चष्मे, एक तिकाटणे आणि सूर्यासाठीच्या काळ्या फिल्टरचा एक कागद होता. तो एवढाच होता, की दुर्बिणीच्या एका नळीला पुरावा. आणि खिशात नवाकोरा फोन. ग्रहणाचे छायाचित्र काढून ते कॉलेजच्या सगळ्या मंडळींना पाठवायचे, हा माझा गुप्त बेत. पदार्थविज्ञान विभागाच्या लोकांना एकदा दाखवून द्यायचे होते.

कोकण रेल्वेने ज्याने दिवसा प्रवास केला नाही, त्याने कोकण अर्धेच पाहिले. पण आमची गाडी रत्नागिरी सोडेपर्यंत दिवेलागण झाली आणि राजापूर रोड स्टेशन आले तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. आप्पा खिडकीला नाक लावून आपला मुलूख शोधत होते.

"इथून समुद्राकडे उतरलं की विजयदुर्ग," ते नातीला म्हणाले. "तिथे किल्ल्यावर कट्टे आहेत. लोक त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं, तेव्हा साहेबांनी तिथे दुर्बिणी लावल्या, असं सांगतात."

"काय दिसलं त्यांना?"

आता आप्पांच्या आवाजात वर्गातला कडकपणा आला. त्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाला पाहिल्या. पण नुसत्या पाहिल्या नाहीत, त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून फाकवून पाहिला. ग्रहण नसतानाही हे जमेल, हे त्याच्या लक्षात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी ग्रहणाशिवाय तेच साधले. त्या प्रकाशात एक पिवळी रेघ होती, ती पृथ्वीवरच्या कोणत्याही ठाऊक पदार्थाची नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या पदार्थाला हेलियम नाव मिळाले. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडावे लागले.

"म्हणजे आधी सूर्यावर सापडला आणि मग घरी?" कन्या म्हणाली.

"हो. पण लक्षात काय ठेवायचं? ज्यांना सूर्य कळला, ते त्याच्याकडे टक लावून बघत नव्हते. त्याचा उजेड कुठेतरी पाडून तो उजेड बघत होते."

मी तेव्हा फोनमध्ये डोके घालून बसलो होतो. वाक्य ऐकले आणि सोडून दिले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी त्या वर्गातला नव्हे.

पहाटे कान्हंगाडला उतरलो. कासरगोड जिल्ह्यात कऱ्हाड्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने अशाच एका घरी आमची उतरायची सोय झाली होती. घर जुने, कौलारू, पुढे मोठे सारवलेले अंगण, अंगणाच्या कडेला एक थोरला आंबा आणि मागे पोफळींची बाग. घरधनी बाहेर मल्याळम आणि कन्नड बोलत. पण माजघरात पाऊल ठेवले की तोंडून कऱ्हाडी बोली सुरू. ती कानावर पडली आणि मी उंबऱ्यातच थबकलो. शब्द अर्धे आपले, हेल दक्षिणेचा. घरच्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे बोलणे मला निम्मे कळे, पण आप्पांशी त्यांचे पहिल्या दिवसापासून जमले. दोघेही आपापल्या बोलीत बोलत आणि एकमेकांना हुंकार देत.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेकलचा किल्ला पाहायला गेलो. जांभ्या दगडाचा, समुद्रात पाऊल टाकून उभा असलेला हा दुर्ग केरळातला सर्वांत मोठा. केळदीच्या शिवप्पा नायकाने तो सतराव्या शतकाच्या मध्याला बांधला, पुढे तो हैदर-टिपूकडे आणि मग इंग्रजांकडे गेला. केळदीचे नाव निघाले की मराठी माणसाने मान लववावी. १६८९ साली राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा त्यांना आसरा देणारी राणी चेन्नम्मा याच केळदीची. औरंगजेबाचा रोष पत्करून तिने पाहुण्याला वाट करून दिली. त्या तटावर बसून मी हे कन्येला सांगितले आणि समुद्राचे, तटाचे, बुरुजाचे, सौभाग्यवतींचे मिळून शंभरेक फोटो काढले.

मग एकदा सगळ्यांचा एकत्र फोटो आपोआप निघावा म्हणून फोन तटाच्या दगडाला टेकवून ठेवला आणि तिथेच विसरलो. वीस-पंचवीस मिनिटांनी परत आलो, तर जांभा तव्यासारखा तापलेला आणि फोन हातात धरवेना. पडद्यावर एकच सूचना : फोन फार तापला आहे, थंड होऊ द्या. कॅमेरा उघडेचना.

"पाण्यात बुडवू का?" कन्येने विचारले.

"वेडी आहेस का?" आप्पांनी फोन घेतला, कव्हर काढले, पंचात सैलसा ठेवला आणि बुरुजाच्या सावलीत वाऱ्यावर धरला. "तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाणी मारतं का कुणी?"

अर्ध्या तासाने फोन शुद्धीवर आला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. सूर्याने दिलेली ती पहिली ताकीद होती. ती मी समजलो नाही.

ग्रहणाची सकाळ स्वच्छ उजाडली. आठ वाजून चार-पाच मिनिटांनी सूर्याच्या कडेला पहिला चावा पडला. घरातल्या बायकांनी पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्रे टाकली होती. चूल थंड होती. आजीबाई स्वयंपाकघराची दारे-खिडक्या लावून आत जपाला बसल्या. सौभाग्यवतींनी "एका जागी परातीत मुसळ उभं राहतं म्हणतात, बघू या का?" असे सुचवले, पण मुसळाला कोणी भाव दिला नाही. सगळे अंगणात. आप्पा खुर्चीत बसून चष्म्यातून पाहत होते आणि दर दहा मिनिटांनी वहीत सूर्याचे चित्र काढत होते, शाळेत फळ्यावर काढत तसे.

मी दुर्बिणीशी झटत होतो. फिल्टरचा कागद उजव्या नळीच्या मोठ्या भिंगावर चिकटवला होता. डाव्या नळीवर तिचे झाकण घट्ट बसवले होते. म्हणजे सगळे शास्त्रशुद्ध. पण तिकाटण्यावर दुर्बीण सुलटी बसेना, तेव्हा मी ती उलटी करून बांधली आणि फोन रबराच्या पट्ट्यांनी 'उजव्या' नळीला लावला.

वाचकांच्या लक्षात आले असेल. दुर्बीण उलटी केली की उजवी नळी डावीकडे जाते. माझ्या लक्षात आले नाही.

पडदा काळाभोर. मी मनाशी म्हटले, झाकण काढायचे राहिले! आणि झाकण काढले. पडदा एकदम पांढराफेक झाला. उजेड जास्त होतोय, कमी करावा, म्हणून मी पडद्यावर बोटे फिरवू लागलो. सूर्य मधोमध येईना, तो उजवीकडे वर जाऊन बसला होता. चार-पाच सेकंद असतील, फार तर दहा. पडद्यावर एक जांभळी रेघ वरून खाली गेली आणि मग उजव्या कोपऱ्यात एक डाग उमटला. फोन जरा हलवला. डाग जागचा हलेना.

"बाबा, किती वेळ? मला आधी डोळ्यांनी बघायचंय!" कन्येचा हा धोशा सकाळपासून चालू होता आणि मी सकाळपासून "एक फोटो काढतो, मग तू बघ" म्हणत होतो. फोनचे काहीतरी बिघडले, एवढे कळले. तो सोडवून घेतला आणि काच पुसत दोन पावले बाजूला झालो.

"बघ आता तू," मी म्हणालो.

होय, मीच म्हणालो.

तिने ग्रहणाचा चष्मा कपाळावर सरकवला आणि ती दुर्बिणीकडे वाकू लागली.

"थांब!"

आप्पांचा असा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. चाळीस वर्षांची शाळा त्या एका शब्दात होती. पोर जागच्या जागी दगड झाली. आप्पा खुर्चीतून उठले होते, आणि बोट तिच्या गळ्याकडे रोखलेले. तिच्या पिवळ्या फ्रॉकच्या कॉलरवर एक पांढराशुभ्र कवडसा पडला होता. लहान, गोल आणि बघवणार नाही इतका तेजस्वी. दुर्बिणीच्या त्या नळीतून आलेला. तिची मान आणखी चार बोटे खाली गेली असती, तर तो कवडसा तिच्या डोळ्यात पडला असता.

"फिल्टर लावलेल्या नळीतून कवडसा पडत नाही," आप्पा हळू म्हणाले. त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी पंचा दुर्बिणीवर टाकला आणि नातीला जवळ ओढून घेतले.

मी अंगणात मटकन खाली बसलो. हातात फोन होता आणि पडद्यावर तो डाग. सूर्याने जे माझ्या मुलीच्या डोळ्याला करायचे, ते आधी फोनच्या डोळ्याला करून दाखवले होते. आणि फोनने ते मला सांगितलेही होते. पण मला ते कळले नव्हते.

सव्वानऊ वाजले. उजेड विचित्र झाला. उन्हात उभे असूनही ऊन पातळ केल्यासारखे वाटे. कावळे ओरडायचे थांबले नाहीत, पण हवेत गारवा आला. नऊ-पंचविसाच्या सुमारास चंद्र सूर्याच्या बरोबर मध्ये आला आणि आम्ही सर्वांनी चष्म्यातून ते कंकण पाहिले. सूर्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकलेला, आणि भोवती सोन्याची बारीक तार. सुमारे तीन मिनिटांचा खेळ.

"आजोबा, खाली बघा!" कन्या ओरडली.

आंब्याखालच्या अंगणात बांगड्यांचा सडा पडला होता. पानापानांच्या फटीतून आलेला प्रत्येक कवडसा कंकण झाला होता. सारवलेल्या जमिनीवर शेकडो उजेडाच्या बांगड्या, एकमेकींत अडकलेल्या, वाऱ्याबरोबर हलणाऱ्या. रोज आंब्याखाली जे गोल कवडसे पडतात, ती खरे तर सूर्याची चित्रेच असतात. फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोल. हे मला त्या दिवशी कळले. ही बांगडी बघायला ना चष्मा लागतो, ना फिल्टर. सूर्याकडे पाठ करून जमिनीकडे बघायचे.

तेवढ्यात आतून आजीबाईंची हाक आली. आम्ही घाबरून स्वयंपाकघराचे दार उघडले. काळोखात आजीबाई जपमाळ हातात धरून बसलेल्या. त्यांच्या समोर जमिनीवर, थंड चुलीच्या शेजारी, एक लांबटसर उजेडाची बांगडी पडली होती. वर कौलांत कुठेतरी बारीक फट होती. ज्या ग्रहणापासून दारे लावून घेतली, ते छपरातून उतरून आजीबाईंच्या पुढ्यात येऊन बसले होते. त्या काही बोलल्या. अर्थ एवढा कळला, की हे इथे कसे आले?

आप्पा दारात उभे होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईनेही असंच पाहिलं होतं."

मी चमकून वळलो.

"ऐंशी साली. आपल्या कोकणातल्या घरी, माजघरात. आपल्याकडे खग्रास नव्हतं, पण बरंच झाकलं होतं. आई दार लावून बसवून गेली होती. मी बाहेर चिडून बसलेलो. संध्याकाळी तुझी आई मला म्हणाली, 'भिंतीवर चंद्रकोरी पडल्या होत्या, पुष्कळ. मी मोजत बसले होते.' मी काचेला काजळी धरून अंगणात डोळे दिपवून घेत होतो, आणि ती आत बसून सगळं ग्रहण बघत होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपलं ग्रहण राहिलं, राहिलं, एवढंच सांगत आलो."

आजीबाईंच्या समोरची बांगडी एका बाजूने तुटली, आणि तिची कोर झाली.

ठाण्याला परतल्यावर मी फोन घेऊन पदार्थविज्ञान विभागात गेलो. दाखवून द्यायला नव्हे, विचारायला. त्या सहकाऱ्याने मला चांगला तासभर शिकवले. त्याचे सार वाचकांच्या घरीही उपयोगी पडावे म्हणून देतो.

फोनच्या साध्या कॅमेऱ्याचे तोंड काही मिलिमीटरांचेच. त्याच्या आत, सेन्सरवर सूर्याचे जे चित्र पडते, ते मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. त्या टिंबाची उष्णता आजूबाजूला लगेच पसरून जाते. म्हणून समुद्रावर सूर्यास्ताचा फोटो काढला किंवा चालता चालता सूर्य चित्रात आला, तर सहसा बिघडत नाही. पण दहापट दाखवणारी दुर्बीण पुढे लावली, की तेच चित्र लांबी-रुंदीने दहापट, म्हणजे क्षेत्रफळाने शंभरपट होते आणि त्यातले ऊनही साधारण शंभरपट. "कढईतल्या तेलाचा थेंब हातावर उडाला तर आपण हात झटकतो," सहकारी म्हणाले, "पळीभर सांडलं तर फोड येतो." सेन्सरच्या प्रत्येक कणावर इवलेसे भिंग आणि तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगाचा पातळ थर असतो. हे थर नाजूक. ते करपले, की ठिपका कायमचा. पुसून जात नाही. तो भागच बदलावा लागतो.

तेव्हा सूर्यावर फोन रोखायचा, तर त्याच्या तोंडापुढे सूर्यासाठी बनवलेला फिल्टर धरावा. ग्रहणाच्या चांगल्या चष्म्याची काच फोनपुढे धरली तरी चालते. हे फिल्टर लाखातला एक भाग उजेड आत सोडतात. आयएसओ १२३१२-२ हा त्याचा आंतरराष्ट्रीय दर्जा, तो चष्म्यावर छापलेला पाहून घ्यावा आणि काचेला ओरखडा वा भोक असेल तर तो फेकून द्यावा. दुर्बीण असेल तर फिल्टर नेहमी मोठ्या भिंगापुढे, सूर्याच्या बाजूला आणि दोन्ही नळ्यांना. डोळ्याच्या बाजूला लावला, तर एकवटलेल्या उन्हाने फिल्टरच जळतो. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, गडद गॉगल, यांपैकी काहीही चालत नाही. फोनमध्ये लांबचे जवळ दाखवणारा वेगळा कॅमेरा असेल, तर त्याने अधिक जपावे. त्यात सूर्याचे चित्र मोठे पडते. तिकाटण्यावर फोन सूर्याकडे तोंड करून तासन्‌तास ठेवू नये. फोटो काढून झाला की तोंड फिरवावे किंवा झाकावे.

आणि बेकलच्या तटावरचा धडा. फोन वापरण्याजोगी हवा पुष्कळ कंपन्या पस्तीस अंशांपर्यंत सांगतात आणि बंद करून ठेवायचा तर पंचेचाळीसपर्यंत. आपल्याकडचे उन्हाळी दुपारचे ऊन, मोटारीची बंद काच आणि तापलेला दगड हा हिशेब सहज ओलांडतात. तापलेला फोन कव्हर काढून सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. फ्रीजमध्ये किंवा बर्फावर मुळीच ठेवू नये. आत दंव धरते आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर ओल बसते.

हे सगळे सांगून झाल्यावर सहकाऱ्याने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा भाग बदलून मिळेल. पण माणसाच्या डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. तो जळताना दुखत नाही. मुलगी वाकून बघत राहिली असती आणि तिला काही कळलंसुद्धा नसतं. बदलायला तो भाग बाजारात मिळत नाही."

मी फोन दुरुस्तीला टाकला नाही. दोन वर्षे तसाच वापरला, मग नवा घेतला. पण जुना कपाटात आहे, दुर्बिणीच्या शेजारी. सणावाराला एखादा फोटो मुद्दाम त्यानेच काढतो. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे गालावर काजळाची तीट लावतात. माझ्या पोरीवर आलेली दृष्ट त्या फोनने आपल्या डोळ्यावर घेतली, असे आमच्या घरात मानले जाते. पदार्थविज्ञान विभागाला हे मान्य नाही. पण मराठी विभागाचा यावर आक्षेप नाही.

२१ मे २०३१ रोजी पुन्हा एक कंकणाकृती ग्रहण आहे आणि ते केरळ-तमिळनाडूतून जाणार आहे. तेव्हा कन्या तेवीस वर्षांची असेल आणि आप्पा चौऱ्याऐंशीचे. आप्पांनी यंदाच दुर्बिणीच्या दोन्ही नळ्यांसाठी फिल्टरच्या टोप्या करून घेतल्या आहेत, एकीवर 'उजवी' आणि एकीवर 'डावी' असे मोठ्या अक्षरात लिहून. मी म्हटले, "आप्पा, आता दोन्हींना फिल्टर आहे. उजवीडावीचं काय काम?"

"तुझ्यासाठी लिहिलंय," ते म्हणाले. "आणि घर कौलारूच बघ. छपरात थोडी फट असलेलं."